पाखरांच्या पोटातला माणूस

२ मार्च

सत्तरी ओलांडल्यावर मला नवी नोकरी लागली आहे: पाखरांची शी गोळा करण्याची. उभी हयात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात गेली, कवितांतले चुकलेले काना-मात्रा वेचण्यात. आता हे वेचणं. ही असती तर पदर तोंडाला लावून हसली असती आणि मग म्हणाली असती, "हातपाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही."

सूनबाईचा मदतनीस ऐन हंगामाच्या तोंडावर काम सोडून गेला. काल जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही याल का कातळावर? जड काही उचलायचं नाही." तिची खरीच अडचण होती, की मी दिवसभर खिडकीत बसून राहतो ते तिला बघवत नाही, कोण जाणे. मी विचारलं, "पगार काय देशील?" तर म्हणाली, "चहा. तोही बिनसाखरेचा."

काम असं आहे. बंदरापासून थोडं आत समुद्रात एक उघडा कातळ आहे. सुरय पक्षी तिथे अंडी घालायला उतरतात. पांढरे असतात, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. ते काय खातात हे सूनबाईला शोधायचं आहे. पाखरू पकडायचं नाही, त्याचं पोट फाडायचं नाही. पडलेलं उचलायचं. पांढरा भाग सोडून मधला काळा, चिमूटभर, चमच्याने औषधी पाण्याच्या कुपीत घालायचा. पाखराने खाल्लेल्या माशाचा डीएनए त्यात उरलेला असतो. मी त्याला धागा म्हणतो. यंत्राने तो धागा वाचला की मासा कोणता ते कळतं.

"म्हणजे पचून गेलेलासुद्धा सापडतो?" मी विचारलं.

"सापडतो, बाबा. सबंध नाही. तुकड्यातुकड्यांनी."

मी पुढे काही विचारलं नाही. चिरंजीवांची बोट शेवटची दिसली ती याच कातळाच्या पलीकडे. समुद्रातल्या तरंगत्या दिव्यांची देखभाल करणारी बोट होती. बाकीचे सगळे सापडले, जिवंत नाहीत, पण सापडले. हा सापडला नाही. या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. 'चिरंजीव' हा शब्द मी अजून बदललेला नाही.

हंगाम संपला की सूनबाई डोंगरापलीकडच्या शहरात जाणार आहे, मोठ्या प्रयोगशाळेत. मला चला म्हणते. मी हो म्हटलेलं नाही. दाराला कुलूप दिसलं आणि तो आल्या पावली परतला तर?

५ मार्च

होडीवाला मला मास्तर म्हणतो. मी कधी कोणाला शिकवलं नाही हे त्याला परोपरीने सांगून झालं. "कविता म्हणतो तो मास्तर," असा त्याचा हिशेब आहे. आम्ही काय गोळा करतो ते कळल्यावर तो होडीची कड दाखवून म्हणाला, "हे बघा, इथेच ढीग पडलाय. खरवडून घेऊन जा, फुकट देतो."

सूनबाई म्हणाली, "दादा, ते वाळलेलं आहे. उन्हाने धागा तुटतो. ताजं लागतं."

"म्हणजे गरमागरम," तो म्हणाला, आणि त्यानंतर कातळ येईपर्यंत एकटाच हसत राहिला.

कातळ लांबून चुन्याने सारवल्यासारखा दिसतो. जवळ गेलं की वास आधी डोळ्यांत शिरतो, मग नाकात. आणि कालवा, शाळा सुटल्यासारखा, पण कधीच न संपणारा. त्या कालव्यात मधूनच एखादी हाक वेगळी येते. लांबलेली, शेवटी थोडी वर गेलेली. चिरंजीव लहानपणी जिन्यातला दिवा गेला की खालूनच अशी हाक मारायचे, "बाबा?" मी आज दोनदा मागे वळून पाहिलं. सूनबाईच्या ते लक्षात आलं.

हातात मोजे, तोंडाला मास्क. पण मास्क लावला की माझ्या चष्म्यावर वाफ धरते आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून तो हनुवटीवर ओढून ठेवतो. सरतेशेवटी एक गमतीचं काम असतं. एक रिकामी कुपी तिथे उघडायची, तीत काही घालायचं नाही, थोडा वेळ धरायची आणि बंद करायची.

"रिकामीत काय सापडणार?"

"काही सापडायला नको. सापडलं तर समजायचं, आपणच बरोबर काहीतरी आणलं."

ही कुपी धरायचं काम मी मागून घेतलं. पाठ मोडून आलेली असते, तेवढाच विसावा. ती धरून उभा असताना मी कविता म्हणतो. वाकून वेचतानाही म्हणतो. मला अक्षरओळख व्हायच्या आधी आईने शिकवलेली एक आहे:

किनाऱ्या, किनाऱ्या, दिवा लाव दारी,
दमूनी घराला निघाली भरारी.

पुढे नोकरीत शाळेच्या पुस्तकांची किती बाडं हाताखालून गेली, ही कविता कुठेही मिळाली नाही. तिनेच रचली असावी. भुजंगप्रयात आहे, चोख. या वृत्ताला पुटपुटणं चालत नाही, छाती भरून म्हणावं लागतं. मी म्हणालो. आजूबाजूची पाखरं क्षणभर गप्प झाली, असं मला तरी वाटलं.

२४ मार्च

आज पहिल्या कुप्यांचा निकाल आला. सूनबाईने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. मी आपला जन्माची सवय म्हणून वाचायला लागलो. तारली, तारली, बांगडा. एका पाखराच्या पोटात माकूल. आणि मग जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द. माणूस.

मी चष्मा पुसून परत वाचलं.

"हे काय?"

"ते असतंच थोडं, बाबा. हातातून, श्वासातून येतं. काढून टाकायचं असतं."

"थोडं कुठे आहे? तारलीपेक्षा जास्त आहे."

तिने कागद उचलले. "बघू," म्हणाली. पण उचलताना तिची बोटं त्या शब्दावर थांबली होती. मी मुद्रितशोधक आहे, कोणाची नजर कुठे अडखळते ते मला कळतं.

२५ मार्च

झोप नाही. समुद्रात गेलेला माणूस. त्याला मासे. माशांना पाखरं. हे मी कुठल्याही कवितेत वाचलेलं नाही. वाचलं असतं तर 'फार होतं आहे' असा शेरा समासात लिहिला असता.

पण भीती वाटली नाही, हे इथे लिहून ठेवतो. उलट वाटलं ते असं, की पत्ता मिळाला.

२ एप्रिल

सूनबाईला विचारलं, "कोणता माणूस ते कळतं का?"

ती कुप्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढ्या छोट्या तुकड्यावरून नाही. माणूस आहे, इतकंच."

"आणि मोठा तुकडा वाचला तर?"

"बाबा, भाजी गार होतेय."

मी भाजी दोनदा मागून घेतली. ती माझ्याकडे बघत होती. हल्ली मी नीट जेवतो असं तिनेच फोनवर कोणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं आहे.

१० एप्रिल

कातळावर आता मी त्याच्याशी बोलतो. सूनबाई दुसऱ्या टोकाला असते तेव्हा. घरातल्या गोष्टी सांगतो: नळ दुरुस्त केला, तुझी सायकल अजून जिन्याखाली आहे, तुझ्या बायकोने केस कापले आणि तिला शोभतात. मग कविता म्हणतो. पिल्लं निघाली आहेत, दगडाच्याच रंगाची. पाऊल टाकायच्या आधी वाकून बघावं लागतं. वाकलो की ओठ अगदी कुपीशी येतात आणि वाटतं, कानातच बोलतो आहे.

घरी फ्रीजरचा वरचा खण बर्फाचा, खालचा सुरयांचा. मी येता-जाता दारावर हात ठेवतो. आतून बारीक थरथर लागते.

१९ एप्रिल

ताप आला, सहा दिवस घरात. सूनबाई होडीवाल्याला घेऊन जाऊन आली. तो सांगत होता, "मास्तर, तुमच्यावाचून पाखरांना करमत नाही. माझ्या डोक्यावर रोज दोनदा तक्रार टाकतात."

७ मे

आज मला एक गोष्ट कळली.

एप्रिलचे निकाल आले. मी टेबलाशी बसून ओळ न् ओळ वाचली. ज्या दिवशी मी कातळावर होतो त्या प्रत्येक दिवशी माणूस आहे. मी तापात होतो त्या दिवसांच्या कुप्यांत नाही, किंवा असलाच तर नावापुरता. सगळी तारली. आणि मी ज्या रिकाम्या कुप्या धरून उभा होतो, त्यांत मासा नाही, काही नाही, फक्त माणूस.

मी येतो तेव्हाच तो येतो.

सूनबाईला दाखवलं. "बघ," म्हटलं, "मी नसलो की येत नाही. रिकाम्या कुपीतसुद्धा येतो, पाखरांचीही गरज नाही त्याला."

ती उठली, पाणी प्यायली. पाठमोरीच म्हणाली, "हो. तुम्ही असता तेव्हाच येतंय." तिलाही पटलं आहे, हे पाहून मला बरं वाटलं.

१२ मे

मोठ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन होता. सूनबाईचे हात कामात म्हणून तिने स्पीकर लावला होता, मला दाराबाहेर ऐकू आलं.

"अगं, माणूस तुझ्या माशांचं ताट खातोय. यंत्र किती धागे वाचणार? अर्धे याचेच. असंच चाललं तर हंगाम फुकट जाईल, आणि या अहवालाशिवाय तुझी जागा पक्की करणं मला जड जाईल. येतं कुठून ते शोध."

"मला माहीत आहे कुठून येतं ते."

"मग बंद कर."

आतून कुप्या एकमेकींवर वाजल्या. बाई म्हणाल्या, "ऐकतेस ना? बंद कर म्हटलं."

"करते, मॅडम. थोडे दिवस द्या."

बाईंना काय ठाऊक. अशी गोष्ट कोणी बंद करतं का?

१६ मे

सूनबाईने आज मला खुर्चीत बसवलं आणि कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली. मी म्हटलं, "माझा आणि त्याचा धागा जुळवून बघणार ना?"

"बाबा, आम्ही जो धागा वाचतो तो आईकडून येतो. त्याच्यात आईंचा आहे. तुमचा नाही."

"माझा काहीच नाही?"

"या धाग्यात नाही. बाकी पुष्कळ आहे. कविता सोडून." हे ती हसत म्हणाली. खरं आहे, चिरंजीवांना कवितेचा कंटाळा. परीक्षेपुरत्या मारून मुटकून पाठ करायचे.

"मग माझा कशाला घेतेस?"

"असू दे," म्हणाली, आणि काडी नळीत घालून फ्रीजर उघडला. खालच्या खणातून, सुरयांच्या मागून, तिने एक पिशवी काढली. तीत दात घासायचा निळा ब्रश. मी ओळखला. एवढे दिवस मी त्या दारावर हात ठेवत होतो आणि आत हे होतं. हिचा धागाही मग त्यातच. दोघं मायलेक बर्फात.

मी विचारलं, "हा कधी ठेवलास?"

"त्याच आठवड्यात. सापडला कोणी तर ओळखायला लागेल म्हणून."

एवढं म्हणून ती अंघोळीला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२८ मे

मी शांतपणे लिहिणार आहे.

संध्याकाळी सूनबाईने माझ्यापुढे कागदाच्या तीन लांब पट्ट्या ठेवल्या. चार अक्षरांच्या उलटसुलट ओळी, हजारो. वर नुसतं लिहिलेलं: कातळ, पहिला, दुसरा. "बाबा, या वेळी मोठा तुकडा वाचून घेतला. तुम्ही तपासा. कातळावरचा कोणाशी जुळतो ते सांगा."

"यंत्राने सांगितलं असेलच की."

"सांगितलंय. तुम्ही सांगा."

मी पट्टी सरकवत वाचायला बसलो, मूळ प्रतीशी मुद्रित ताडून पाहतात तसा. अर्थ नसलेला मजकूर तपासणं सोपं असतं, मन वाहवत नाही. कातळ आणि दुसरा यांत पहिल्याच ओळींत फरक निघाला. पुढे आणखी. मग आणखी. कातळ आणि पहिला यांत शेवटपर्यंत एकही नाही. मी उलटीकडूनही वाचून पाहिलं.

"पहिला," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर."

सूनबाई शेजारी येऊन बसली. माझ्या मनगटावर हात ठेवला. "दुसरा ब्रशवरचा आहे, बाबा."

"आणि पहिला?"

"तुम्ही."

बाहेर कोणाचा तरी पंप सुरू होता, तो बंद झाला तेव्हा मला कळलं की तो सुरू होता.

"तुम्ही मास्क खाली घेऊन बोलता. कविता म्हणता. कुपीवर वाकून. थुंकीचे बारीक थेंब जातात आत, दिसतसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"मार्चमध्येच शंका आली. पण शंका आल्या दिवशी..." ती थांबली. "पहिल्या दिवशी तो शब्द बघितला ना, तेव्हा मीसुद्धा आधी ब्रशच काढला. दुसऱ्या दिवशी त्यावरचा नमुना पाठवला. मला काय कळत नाही का, बाबा? माणूस आपल्याकडूनच येतो, हे मी नव्या विद्यार्थ्यांना शिकवते. तरी पाठवला. छोटा तुकडाच जुळला नाही, तो नाही म्हणून उत्तर आलं आणि मी दोन दिवस कामावर गेले नाही. तुम्हाला म्हटलं, डोकं दुखतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जेवायला लागला होता."

२९ मे

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी तिने चहा आणला, मी कप तसाच ठेवला. म्हटलं, "राहू द्यायचं होतंस. म्हाताऱ्याचं काय बिघडत होतं? कुप्या वेगळ्या धरल्या असत्यास."

"धरल्या असत्या. पण मला जायचंय, बाबा. तुम्हाला त्या कातळावर बोलत ठेवून कशी जाऊ?"

"मग जाऊ नकोस."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. ती उठली नाही, रडली नाही. कप उचलून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "रोज सकाळी दार उघडताना मला वाटतं, आज उंबऱ्यावर असेल. तीन वर्षं. मी छत्तीसची आहे. मला एक असं दार पाहिजे, जे उघडताना काही वाटणार नाही."

चहा गार झाला होता. प्यायलो.

३१ मे

आईचा धागा. हे त्या दिवशी सुचलंच नाही. माझ्यात जो वाचतात तो माझ्या आईचा. तिला जाऊन जन्म लोटला, तिचा एक फोटोसुद्धा धड नाही, चेहरा आठवायला गेलं की शेजारच्या काकूंचा येतो. आणि ती आख्खा हंगाम त्या कातळावर माझ्या तोंडून उडत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी छापलेली. मी तिला मुलगा समजत होतो.

चिरंजीव मात्र नाही. एवढ्या कुप्यांत कुठेच नाही. तारली आहे, बांगडा आहे, माकूल आहे. समुद्राने त्याचं एक अक्षरही परत दिलेलं नाही.

हे लिहिल्यावर वही मिटून परत उघडली. वाक्य तेच होतं.

९ जून

कातळावरची शेवटची फेरी. होडीवाला म्हणाला, आभाळ बघता उद्यापासून होडी ओढून ठेवणार. बरीचशी पिल्लं उडाली आहेत. गेल्या महिन्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, आज नुसतं पांढरं, रिकामं. वास तेवढा शिल्लक.

मास्क नाकापर्यंत घट्ट लावला. चष्म्यावर वाफ धरली, धरू दिली. चिठ्ठ्यांचं काम सूनबाईने केलं, मी चमचे दिले. दोघंही बोललो नाही. अशी शांतता मी या जागी ऐकली नव्हती. एकदा ती हाक आली, लांबलेली, वर गेलेली. मी वळलो. या वेळी सूनबाईही वळली होती. खाली दगडाच्या खोबणीत एक उशिराचं पिल्लू होतं, चोच उघडून कोणाला तरी बोलावत होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत राहिलो आणि एकमेकांकडे पाहणं टाळलं.

शेवटी रिकामी कुपी. ती धरून सूनबाई कातळाच्या पलीकडच्या कडेला गेली, जिकडून बोट दिसेनाशी झाली होती. मी मागे उभा होतो. तिने मास्क हनुवटीवर ओढला. एवढ्या हंगामात तिने इथे एकदाही तो काढला नव्हता, पाणी प्यायलासुद्धा होडीत जायची. मग, चपला पायात सरकवताना आतल्या खोलीकडे तोंड करून सांगावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "मी जाते रे."

घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. लहानपणी तोंडून 'जातो' निघालं तर आई उंबऱ्यातून परत बोलवायची आणि नीट म्हणायला लावायची. माझी जीभ सवयीने उचलली गेली होती. पण तिने चुकून म्हटलेलं नव्हतं. मी तसंच राहू दिलं.

"बाबांना घेऊन जाते," ती पुढे म्हणाली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला नाही म्हणायचं असेल तर तेवढी जागा तिने ठेवली होती.

मी पुढे होऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. माझाही मास्क खाली घेतला. सांगण्यासारखं खूप होतं, तीन वर्षांचं, आणि आयुष्यभराच्या पाठांतरातली एक ओळ कामाला येईना.

"हो रे," मी म्हणालो. "जातो आम्ही."

खाली पाणी दगडावर आपटत राहिलं. मग सूनबाईने हातातल्या उघड्या कुपीकडे पाहिलं, झाकण लावलं आणि ती बाकीच्यांत न ठेवता स्वतःच्या पिशवीत टाकली.

"ही वाया गेली, बाबा," ती म्हणाली. "हिच्यात आपण दोघं आलो."